बिनआवाजाच्या गाडीबद्दल हरकती

३ फेब्रुवारी

प्रति,
अध्यक्ष, विद्युत वाहन प्रोत्साहन समिती,

कॅम्पसवर विजेच्या गाड्या वाढाव्यात म्हणून आपण सोळा पानी प्रस्ताव काढला आहे. त्यावर कर्मचाऱ्यांनी वीस तारखेच्या सभेआधी लेखी हरकती व सूचना द्याव्यात, असं आमच्या शेडच्या फळ्यावर चिकटवलं आहे. मी वाहन विभागाचा हेडमेकॅनिक. माझ्या हरकती खालीलप्रमाणे.

जाऊ दे. हे सोंग मला जमत नाही. बारक्या, मी दादा लिहितोय.

अकरा वर्षं आपण बोललो नाही. तुझ्या काचेच्या इमारतीपासून माझी शेड चारशे पावलांवर आहे, आणि तरी तू परदेशात असल्यासारखं मला पोस्टाने लिहावं लागतंय. तुझी साहेबी गाडी दर शनिवारी आमच्याकडे धुवायला येते. तिचं ऑइल मी दुसऱ्या कुणाला बघू देत नाही, एवढं सांगून ठेवतो.

प्रस्ताव दोनदा वाचला. पहिली हरकत पान चारवर. आठही डिझेल बस दोन वर्षांत मोडीत आणि आम्हा वीस माणसांना 'टप्प्याटप्प्याने पुनर्प्रशिक्षण'. टप्प्याटप्प्याने म्हणजे गाड्या आधी, माणसं मागून. आमचा नाना अठ्ठावन्न वर्षांचा आहे. मला पाना कसा धरायचा ते त्यानेच शिकवलं. इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावतो आणि कुठला व्हॉल्व्ह सैल आहे ते सांगतो. त्याला तू काय शिकवणार, पावट्या?

दुसरी हरकत. चार्जिंगसाठी तू शेडमागची खोली धरली आहेस. तिला एकच दार, तेही आत उघडणारं, आणि खिडकीला लोखंडी जाळी. बॅटरीने पेट घेतला तर आतला माणूस भट्टीतल्या विटेसारखा भाजेल. दार बाहेर उघडणारं कर आणि मागे दुसरं पाड. हे मी भांडायला लिहीत नाहीये, खरंच कर.

तिसरी. या गाड्या शांत असतात, शांत असतात, असं तू पानोपानी लिहिलंस. गाडी बोललीच नाही तर तिचं दुखणं कळायचं कसं?

आणि एक. आमच्या युनियनच्या सेक्रेटरीने तुझी नोटीस सगळ्यांसमोर जाळली. "त्या अध्यक्षाच्या तंगड्या तोडून त्याच्याच टेबलावर ठेवतो," म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू.

हरकती संपल्या नाहीत, कागद संपला.

दादा


८ फेब्रुवारी

बारक्या,

तुझी ट्रायलची बस आली. पांढरीशुभ्र, दवाखान्यातल्या कपाटासारखी. तिच्याबरोबर कंपनीने एक ड्रायव्हर पाठवली आहे, तिशीची असेल. पोरांनी पहिल्याच तासात तिचं नाव 'बॅटरीबाई' ठेवलं.

पहिल्या दिवशी चारही चाकांची हवा गेली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सीटवर जुनं ऑइल ओतलं. काल फेरीवरून येताना सेक्रेटरीच्या माणसाने पाऊण किलोचा नट भिरकावला, समोरची काच फुटली आणि तिच्या भुवईत तुकडा घुसला. बाई खाली उतरली. रक्त डोळ्यात उतरत होतं, ते मनगटाने पुसलं, झाडू मागितला आणि स्वतः काचा गोळा केल्या. वर हसत म्हणते कशी, "झालं का समाधान? थोडं उद्यासाठीही ठेवा."

नाना एवढा हसला की त्याला ठसका लागला. त्याने तिला आपल्या कपातला चहा दिला. आता तो रोज त्या बसभोवती घुटमळतो. "अरे, हिच्या पोटात काहीच नाही रे!" म्हणतो. मी म्हटलं, नाना, म्हातारपणी फितूर झालास. तर म्हणे, "मरेपर्यंत शिकायचं असतं, गाढवा."

शेडमधल्या कॅमेऱ्यावर ऑइलचं पोतं टाकलेलं आहे. कोणी टाकलं ते विचारू नकोस. वर चढायला शिडी लागते आणि शिडीची किल्ली एकाच माणसाकडे असते, तेवढं तुला समजतं.

ती बाई हसली तेव्हा माझा हात शिवशिवला. का ते मला कळलं नाही. म्हणजे कळलं, पण लिहिणार नाही.

दादा


११ फेब्रुवारी

बारक्या,

आज दुपारी अडीच वाजता तुझ्या बसने नानाला भिंतीशी चिरडलं.

बंपर छातीवर आणि पाठीमागे कामाचं लोखंडी बाक. बरगड्या मोडल्या तो आवाज मी ऐकला, पायाखाली सुकी फळी मोडावी तसा. गाडीचा आवाज काही आला नाही. नानाच्या तोंडातून रक्ताचा फुगा आला, फुटला, दुसरा आला. त्याचे पाय जमिनीला टेकतच नव्हते.

बाई सीटवर होती. सगळ्यांनी पाहिलं. पोरं भडकली, तिला खाली ओढली, थोडी हाणामारी झाली. मग पोलीस आले. तिला आधी दवाखान्यात नेलं, तिथेच बाहेर पहारा बसवलाय. तिच्यावर गुन्हा दाखल होतोय.

चौकशी तुझ्याकडेच दिली आहे असं कळलं. मग ही माझी चौथी हरकत नोंदव. या गाड्या माणसं मारतात. तुझा प्रस्ताव घे आणि चुलीत घाल. तू चार पुस्तकं वाचून आमच्या शेडमध्ये मरण पाठवलंस. आज समोर असतास तर मी तुला सोडला नसता.

दादा


१५ फेब्रुवारी

बारक्या,

नाना काल सकाळी गेला. तीन दिवस नळ्यांवर होता. बोलता येत नव्हतं. मी गेलो की माझं बोट धरायचा आणि घट्ट दाबायचा. काहीतरी सांगायचं होतं. नजर हलवायचा नाही माझ्यावरून. शेवटी मीच जायचं बंद केलं.

त्याला पोचवून आल्यावर वहिनी, म्हणजे नानाची बायको, मला म्हणाली, "भावजी, तुम्ही जवळ होतात हे बरं झालं. पडले तेव्हा आपल्या माणसाच्या हातात होते." मी मागच्या दाराने बाहेर पडलो.

मी तुला 'थोडी हाणामारी' असं लिहिलं होतं. थोडी नव्हती ती. सेक्रेटरीने तिची वेणी मुठीला गुंडाळली आणि पायऱ्यांवरून फरफटत आणली. खाली पाडून पोटात लाथा घातल्या. कोण कोण होते? सगळे होते. तिचा हात बसच्या पायरीवर आडवा धरला आणि चाकाच्या पान्याने हाणला. दुसऱ्या फटक्याला हाड कातडीतून बाहेर आलं. ती किंचाळली नाही. एकच धोशा लावला होता, "मी नव्हते हो. मी पाणी पीत होते." मग कुणीतरी तिच्या तोंडावर बूट मारला आणि तेही थांबलं.

नंतर जमिनीवरच्या रक्तावर मी लाकडाचा भुसा टाकून झाडलं. सुपलीत भुशाबरोबर दोन दात आले. मी ते भुशातच टाकून दिले. काय करणार होतो?

आता नीट वाच. वीस तारखेला सभागृहात हरकतींवर तोंडी सुनावणी आहे. सेक्रेटरी तिथे नानाच्या नावाने दंगा करणार आहे. सात नंबर बसच्या टूलबॉक्समध्ये बावीस सळया भरून ठेवल्यात, कापडात गुंडाळून. "अध्यक्षाचा एक कान गेलेलाच आहे, दुसराही फोडू," म्हणतो. तुझ्या कानाची गोष्ट त्याला मीच सांगितली होती, फार वर्षांपूर्वी. फुशारकी मारत.

तू वीसला येऊ नकोस. आजारी पड, पाय मुरगळून घे, काहीही कर.

दादा


१८ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र आलं. वरती छापील मजकूर, 'आपल्या हरकती क्रमांक एक ते चार प्राप्त झाल्या'. खाली तुझ्या अक्षरात तीन ओळी. "मी शेड बघून आलो. पाण्याच्या पिंपावर अर्धा भरलेला ग्लास अजून तसाच आहे. दादा, सीटवर कोण होतं?"

अकरा वर्षांनी मला दादा म्हणालास, तेही या वाक्यात.

मी होतो.

आता सगळं लिहितो, मध्ये थांबवू नकोस. आमच्या शेडमध्ये बस हातभर सरकवायची असेल तर आम्ही इंजिन सुरू करत नाही. धूर कोंडतो. एक जण स्टिअरिंगवर बसून हॅण्डब्रेक सोडतो आणि बाकीचे ढकलतात. तीस वर्षांची रीत आहे. त्या दिवशी बाकी सगळे जेवणानंतर ड्रायव्हरांच्या खोलीत पत्ते खेळत होते. नानाला फुटलेल्या काचेची चौकट काढायची होती आणि त्याच्या पाठीमागचं बाक आड येत होतं. मला म्हणाला, "दोन वीत मागे घे रे." मी बाईकडून चावी मागितली. ती म्हणाली, "मी घेते ना मागे." मी म्हटलं, "आम्हाला शिकवू नकोस." तिने मुकाट्याने चावी दिली आणि ती पाणी प्यायला पिंपाकडे गेली.

मी चावी फिरवली. दिवे लागले. आवाज नाही. म्हणजे बंद. बारक्या, माझ्या लेखी आवाज नाही म्हणजे गाडी बंद! ब्रेकवर पाय ठेवून बटणं दाबून बघितली, एक हिरवं लागलं, दुसरं लागलं. बंद गाडीला गिअर कसला, म्हणून बघितलंसुद्धा नाही कुठलं ते. हॅण्डब्रेक सोडला. मागे जरा उतार आहे, एका माणसानेही बस हलते, म्हणून नानाने एकट्यानेच पुढच्या बंपरला खांदा लावला आणि "हं" म्हणाला. मी सीटवर बसलो की अ‍ॅक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाबून बघतो. पेडलची ढिलाई जोखायची, हीसुद्धा नानानेच लावलेली सवय. बंद गाडीत त्याने काही होत नाही.

तो "हं" म्हणून संपलाही नव्हता.

मी उडी टाकून त्याला ओढायला धावलो. पेडल सोडलं तरी बस तशीच पुढे रेटत होती. पाण्याचा ग्लास ठेवून ती पळत आली, वर चढली, तिने गाडी थांबवली आणि मागे घेतली. पत्ते टाकून पोरं आली तेव्हा ती सीटवर होती आणि नाना माझ्या मांडीवर. सेक्रेटरी ओरडला, "कोणी केलं?"

कोणीच काही बोललं नसतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी स्वतःला आठ दिवस सांगतोय. ते खोटं आहे. मी उठलो. ती बसच्या दारात उभी होती, सांगायला तोंड उघडत होती. मी तिला कानाखाली मारली. सगळ्यात पहिला हात माझा. "हिने मारला नानाला," असं मी ओरडलो. पुढचं सगळं त्या एका हाताने केलं. पोलिसांपुढेही तसाच जबाब दिला आणि सही केली.

आता तुझ्या कानाचं. आई गेली तेव्हा तू तिसऱ्या दिवशी आलास आणि दारातच मी तुला मारलं, आई गेली तरी याला वेळ नाही म्हणून. तू बावरून हसला होतास, त्याचंच निमित्त केलं मी. तुझ्या कानातून रक्त आलं. सगळ्या नातेवाइकांनी माझीच बाजू घेतली. तुला कळवायचं काम माझ्याकडे होतं, बारक्या. तुझी मुलाखत होती, उद्या कळवू, परवा कळवू, असं करत मी कळवलंच नाही. तू तर आईला भेटायला म्हणून हातात संत्री घेऊन आला होतास. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. तूही नाहीस, आणि त्याचाच मला जास्त राग.

चूक माझी झाली की हात दुसऱ्यावर उठतो. असा आहे मी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या माझ्या.

हरकत चौथी मागे घेतो. तिच्या जागी सूचना लिही. गाडी चालू आहे हे बाहेर उभ्या माणसाला कळेल असा आवाज तिला द्या आणि समोर ठळक दिवा लावा. शेडमध्ये हाताने ढकलायची रीत बंद करा. आणि पान चार उलटं करा. माणसांना आधी शिकवा, गाडी मागून आणा. नाना शिकायला तयार होता. मी नव्हतो.

वीसला तू येशीलच, मला माहीत आहे. हट्टीपणात तू आईवर गेलास. मी हे सगळं तिथे उभा राहून वाचणार आहे. पत्राने भागलं असतं, तू पोलिसांना दिलं असतंस. पण तिला मी सगळ्यांसमोर मारलं होतं.

दादा


२६ फेब्रुवारी

बारक्या,

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस. उजव्या हाताची तीन बोटं मोडली आहेत. वॉर्डाच्या दारात हवालदार बसलाय, तो हे पत्र वाचून मग पोस्टात टाकणार. चांगला माणूस आहे, त्याला शुद्धलेखनाच्या चुका सापडतात.

तू सभेत सगळं पाहिलंस, पण तू स्टेजवर होतास आणि मी खाली, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो. मी वाचायला लागलो तेव्हा आधी टाळ्या पडल्या, युनियनचा माणूस बोलतोय म्हणून. 'सीटवर मी होतो' इथे पुढच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. सेक्रेटरी जवळ आला आणि हळू म्हणाला, "मेकॅनिक, बस खाली. डोकं फिरलंय तुझं." मी वाचत राहिलो. 'पहिला हात माझा' इथपर्यंत पोचलो आणि पहिली सळई गुडघ्यावर आली. तुझ्यासाठी आणलेल्या सळया होत्या, त्या मला पुरल्या. तोंडावर किती बसल्या ते मी मोजलं नाही. ज्यांना मी पाना धरायला शिकवलं तेच होते. मारताना रडत होते काही जण, "नाना, नाना," म्हणत होते. मला त्यांचा राग येत नाही. मीच त्यांना दाखवलं होतं कसं करायचं ते.

मग वजन पडलं अंगावर. मला वाटलं आता कुणीतरी गळा दाबतोय. तू होतास. तू माझ्यावर आडवा पडला होतास आणि तुझ्या पाठीवर दोन बसल्या. "सरक, मूर्खा," म्हणालो मी. तू सरकला नाहीस. कदाचित मी तुझ्या गेलेल्या कानात बोललो असेन.

तू रोज येतोस आणि काचेतून बघून जातोस, हवालदार सांगतो. आत येऊ नकोस घाईने. तुला वाटेल तेव्हा ये.

वहिनी येऊन गेली. दारात उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. "त्यांनी तुमचं बोट धरलं होतं ना शेवटी?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ती गेली. ती पुन्हा येणार नाही, आणि तिने येऊही नये.

आणि काल ती बॅटरीबाई आली. तिच्यावरचा गुन्हा काढला, पहारा उठला, हे तुझ्यामुळे तिला लगेच कळलं म्हणे. हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये, बोलताना पुढच्या दोन दातांच्या जागेतून हवा जाते. कॉटच्या शेजारी उभी राहून बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मी पाठ केलेलं बोलायला लागलो, माफी वगैरे. तिने चांगला हात वर केला, थांबा म्हणून.

"मला ते ऐकायचं नाहीये," म्हणाली. "मी तुमच्या कानाखाली मारायला आले होते. घरून ठरवून आले. जिन्यात दोनदा बसावं लागलं, तरी आले. आणि बघते तर तुमच्या तोंडावर मारायला जागाच ठेवली नाही मेल्यांनी."

हवालदाराने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"बरे व्हा," ती म्हणाली. "मग येईन."

बारक्या, तिचा पत्ता तुझ्याकडे चौकशीच्या कागदांत असेल. तिला कळव. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्यावरचे टाके सोमवारी निघतील.

दादा